बॅग टम्म राहिली म्हणजे सर्किट मोकळं आहे असं नाही

भुलीच्या मशीनपासून पेशंटपर्यंत श्वास नेणाऱ्या नळ्या म्हणजे सर्किट. त्याचं पेशंटकडचं तोंड अंगठ्यानं दाबायचं, जादा हवा सोडणारा व्हॉल्व्ह बंद करायचा, ऑक्सिजन फ्लश दाबून बॅग टम्म फुगवायची, मनात दहापर्यंत मोजायचं आणि बॅग उतरली नाही की म्हणायचं, "चेक झालं." रावेरपासून अक्कलकुव्यापर्यंत बहुतेक लहान ओटींत सकाळची तपासणी एवढीच असते. ती चुकीची नाही, पण ती फक्त गळतीची आहे. आत आयव्ही सेटचं टोपण जाऊन बसलं असेल तर ही परीक्षा सर्किट जास्तच झोकात पास होतं, कारण बुजलेली नळी गळत नाही.

दुसरी गोम अशी की अंगठा लावला जातो सर्किटच्या तोंडाला, आणि त्याच्या पुढं एल्बो (वाकडा जोड), फिल्टर, कॅथेटर माउंट (ट्यूबला जोडायची आखूड नळी) जोडले जातात ते नंतर. म्हणजे जिथं काही अडकण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, तोच भाग तपासणीच्या बाहेर राहतो. २००१ साली इंग्लंडमध्ये चेम्सफर्डला एका नऊ वर्षांच्या मुलाचा साध्या ऑपरेशनच्या वेळी असाच मृत्यू झाला. आयव्ही सेटचं छोटं टोपण अँगल पीसमध्ये, म्हणजे एल्बोमध्ये, अडकलं होतं आणि ते बाहेरून दिसत नव्हतं. सुरुवातीला हे कुणी मुद्दाम केलं का, म्हणून पोलीस तपासही झाला. २००४ साली तिथल्या आरोग्य खात्यानं भुलीच्या सर्किटच्या सुरक्षेवर वेगळा अहवाल काढला.

हे टोपण एवढं चपखल बसतं कसं? श्वासनलिकेत घालायच्या ट्यूबचा कनेक्टर १५ मिलिमीटरचा, मास्क आणि सर्किटचा जोड २२ मिलिमीटरचा, आणि दोन्ही किंचित निमुळते. निमुळतेपणामुळंच जोड घट्ट बसतो, आणि त्याच कारणानं आत शिरलेली लहान वस्तूही पुढं ढकलली की पाचरीसारखी रुतते. बॅग दाबली की ती आणखी घट्ट होते.

काय काय अडकतं

आयव्ही सेटच्या टोकाची टोपणं, शिरेत लावायच्या इंट्राकॅथची आणि थ्री-वेची लहान झाकणं, सुईचं टोपण, व्हायलचं उडवून टाकलेलं प्लास्टिकचं झाकण, ॲम्प्यूलच्या मानेचा तुकडा, कापसाचा बोळा, स्टिकिंग प्लास्टरच्या मागचा कागद. नव्या पाकिटातल्या सर्किटच्या तोंडावरचं झाकण काढायचं राहून जातं. फिल्टरच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक फाडताना त्याची चकती जोडात राहते. ती काचेसारखी स्वच्छ असते, त्यामुळं उजेडात धरूनही पटकन दिसत नाही. सर्कल सर्किट (तीच हवा शुद्ध करून फिरवणारं) असेल तर कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमच्या डब्याचं बाहेरचं प्लास्टिक न काढताच डबा बसवला जातो.

आपल्याकडं यात काही गावठी भर पडते. जिनिंगच्या हंगामात कापसाचं तूस खिडकीतून आत येतं. उघड्या तोंडाची नळी महिनाभर कपाटात पडली तर झुरळं तिच्यात घर करतात, आणि कुंभारीण माशीला मातीचं घरटं करायला २२ मिलिमीटरचं भोक चांगलंच चालतं. रोज वापरातल्या ओटीत हे होत नाही. होतं ते ज्या ग्रामीण रुग्णालयाचं मशीन दोन-दोन महिने झाकून ठेवलेलं असतं आणि मग रात्री एकदम सिझरसाठी काढलं जातं तिथं.

उन्हाळा हा वेगळाच विषय. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी जास्त तापते. दिवसाला तीन गावं करणाऱ्या भूलतज्ज्ञाची किट बॅग त्याच डिकीत असते. काळं रबर चिकट होतं, बॅगच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात, जुन्या रबरी नळीचा आतला थर पोपडा सुटल्यासारखा सुटतो आणि पडद्यासारखा लोंबतो. असा पडदा फार फसवा. हवा जाताना तो बाजूला होतो, परत येताना तोंड बंद करतो. किट बॅग डिकीत ठेवू नये, आपल्याबरोबर आत न्यावी. रबर बोटांना चिकटलं की ते सर्किट बाद.

दोन बॅगांची चाचणी

गळतीची परीक्षा झाल्यावर ही करायची. वेळ एक मिनिट. साहित्य म्हणजे एक जास्तीची दोन लिटरची बॅग, मुलासाठी अर्ध्या लिटरची.

पेशंटला जे जे लागणार आहे ते सगळं आधी जोडा: सर्किट, एल्बो, फिल्टर, कॅथेटर माउंट, अगदी शेवटच्या कनेक्टरपर्यंत. त्या शेवटच्या २२ मिलिमीटरच्या तोंडावर दुसरी बॅग बसवा. ऑक्सिजन मिनिटाला ५ लिटर ठेवा आणि मशीनची बॅग हातानं दाबा. समोरची बॅग फुगली पाहिजे. सोडल्यावर ती बसली पाहिजे आणि तिच्यातली हवा मशीनच्या बॅगमध्ये परत आली पाहिजे. आठ-दहा श्वास असे द्या. सर्कल असेल तर दोन्ही व्हॉल्व्हच्या चकत्या आळीपाळीनं उचलतात का ते याच वेळी बघा. ओलाव्यानं चकती चिकटली असेल तर इथंच कळतं. मग दोन्ही बॅगा एकदम दाबा. एक्स्पायरेटरी (जादा हवा सोडणारा) व्हॉल्व्ह उघडा असताना हवा त्यातून सहज निघून गेली पाहिजे. व्हेंटिलेटर लावणार असाल तर याच दुसऱ्या बॅगवर तो चालवून बघा. हातावरून व्हेंटिलेटरवर जायची पहिली वेळ पेशंटवर येऊ नये.

नजर ठेवायची ती समोरच्या बॅगवर. मशीनच्या बॅगचा हाताला येणारा अंदाज पुरेसा नाही, कारण कोरुगेटेड नळी स्वतःच थोडी ताणते आणि अर्धवट बुजलेल्या सर्किटमध्येही हाताला "जातेय" असं वाटतं. समोरची बॅग सावकाश फुगली, किंवा फुगली पण बसायला वेळ लावला, तर ते नापास. परत येणारी हवा अडत असेल तर ती जाणाऱ्या हवेपेक्षाही वाईट. त्याबद्दल पुढं.

जास्तीची बॅग नसेल तर साडेसात नंबरचा ग्लोव्ह तोंडावर ताणून बसवला तरी चालतं. पाच बोटं उभी राहतात आणि बसतात. मात्र झाल्यावर तो अख्खा काढून तिथल्या तिथं टाकायचा. कापून काढायला गेलात तर रबराचा तुकडा आत राहण्याची सोय आपणच करून ठेवतो.

ट्यूबवर बॅग बसत नाही. ट्यूब डोळ्यानं तपासायची: उजेडाकडं धरून एका टोकातून बघायचं, वाकडी असेल तर सक्शन कॅथेटर आरपार घालायचा. एल्बोमधून उजेड सरळ जात नाही, म्हणून तो दोन्ही तोंडांनी वेगवेगळा बघायचा किंवा त्यातूनही कॅथेटर काढायचा. काळ्या, अपारदर्शक एल्बो अजून कपाटात असतील तर त्या एकदाच्या काढून टाका. पारदर्शक एल्बोची किंमत फार नाही.

ही चाचणी पहिल्या केसच्या आधी एकदा करून भागत नाही. शिबिरात एकापाठोपाठ एक पेशंट टेबलवर येतात आणि प्रत्येकाला फिल्टर, माउंट नवे लागतात. नवं काही जोडलं की ते सर्किट न तपासलेलं झालं. निदान पेशंटपुरत्या बदललेल्या भागातून बॅगनं चार श्वास देऊन बघावेत.

बेन सर्किट असेल तर

खान्देशातल्या छोट्या ओटींत भुलीच्या बॉइल मशीनला बेन सर्किट हेच जास्त. १९७२ मध्ये आलेलं हे सर्किट साधारण १८० सेंटिमीटर लांब असतं. नळीत नळी. आतल्या बारीक नळीतून ताजा गॅस पेशंटकडं जातो, बाहेरच्या रुंद नळीतून उच्छ्वास परत येतो. सोयीचं आहे, पण आतली नळी दिसते कमी. ती मशीनच्या बाजूला निसटली तर बाहेरची अख्खी नळी डेड स्पेस होते आणि पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड ओढत राहतो. ती दुमडली किंवा बुजली तर ताजा गॅस पोहोचतच नाही. दोन्ही वेळा बाहेरून सर्किट अगदी धडधाकट दिसतं.

म्हणून तीन गोष्टी. पहिली, पेशंटच्या टोकाला आतली नळी दिसते ना आणि ती काठापाशीच आहे ना, बघा. आत ओढली गेली असेल तर सर्किट बदला. दुसरी, ऑक्सिजन ५ लिटरवर ठेवून सर्किट मशीनला जोडा आणि फ्लोमीटरच्या नळीत तरंगणाऱ्या बॉबिनकडं बघा. जोडल्याबरोबर बॉबिन खाली बसली आणि काढल्यावर वर आली तर आतल्या नळीत अडथळा आहे. तिसरी, २ सीसीच्या सिरिंजचा प्लंजर घेऊन आतल्या नळीचं तोंड क्षणभर दाबा. बॉबिन खाली बसली पाहिजे, आणि मशीनला रिलीफ व्हॉल्व्ह असेल तर त्याचा फुसकारा ऐकू आला पाहिजे. बॉबिन हललीच नाही तर आतली नळी कुठंतरी सुटलेली किंवा फाटलेली आहे.

तो प्लंजर लगेच बाहेर काढून ठरलेल्या जागी ठेवा. अडथळा शोधायला आणलेली वस्तूच अडथळा व्हायला नको. फ्लश मारून बॅग ढिली पडते का बघण्याची जुनी चाचणीही आहे, पण फ्लशच्या जोरानं सैल झालेली आतली नळी तिथंच निसटू शकते. प्लंजरची बरी.

लहान मुलांच्या जॅक्सन-रीस सर्किटला वेगळं काही नाही. वीस किलोच्या आतल्या मुलासाठी ते वापरताना समोर अर्ध्या लिटरची बॅग लावून तीच चाचणी. फक्त मागच्या बॅगची उघडी शेपटी पिळवटलेली नाही, चिकटलेली नाही, हे बघायचं. ती बंद झाली तर गॅसला बाहेर जायला वाटच उरत नाही.

बॅग दाबली जात नाही, आता काय

ट्यूब टाकली, बॅग दाबली, बॅग दगडासारखी. छाती हलत नाही, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफची रेघ सपाट. इथं हात आपोआप ब्रॉन्कोस्पाझमकडं (श्वासनळ्या आवळण्याकडं) जातात: डेरिफायलिन काढा, हायड्रोकॉर्ट काढा, ॲड्रेनालिन काढा. ब्रॉन्कोस्पाझम असूही शकतो. पण बुजलेला फिल्टर औषधानं मोकळा होत नाही, आणि तोवर मेंदूला ऑक्सिजन नसण्याची मिनिटं मोजली जात असतात. लहान मूल आणि भरल्या दिवसांची बाई यांच्याकडं शिल्लक फारच कमी.

म्हणून आधी सर्किट वेगळं करायचं. टेबलच्या डोक्याकडं हातानं दाबून श्वास द्यायची आंबू बॅग, रिझर्व्हायर आणि ऑक्सिजनच्या नळीसह, केस सुरू होण्याआधीच तयार हवी. ती मशीनच्या सिलिंडरवर नको, वेगळ्या सिलिंडरवर असावी.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: सर्किट कुठून सोडायचं. घाईत हात जातो तो सर्किट आणि फिल्टरच्या जोडाला, कारण तो मोठा आणि सोपा. मग आंबू बॅग त्याच फिल्टरवर बसते. फिल्टरच बुजलेला असेल तर आंबूही दगड, आणि निदान पक्कं होतं की दोष पेशंटचाच. तसं करायचं नाही. फिल्टर, एल्बो, माउंट सगळं सर्किटबरोबर जाऊ द्यायचं. उजव्या हातानं माउंट आणि डाव्या हाताच्या चिमटीत ट्यूबचा १५ मिलिमीटरचा कनेक्टर धरून, पिळ देत सोडवायचं. सरळ ओढलं तर ट्यूबच बाहेर येते किंवा कनेक्टर ट्यूबमधून निघतो. मग आंबू थेट ट्यूबवर, ऑक्सिजन १० ते १५ लिटर.

छाती उचलली आणि हवा सहज गेली तर दोष सर्किटमध्ये होता. तिथंच शोधत बसू नका. आंबूवरच चालू ठेवा, भूल शिरेतून द्या, कारण व्हेपोरायझरमधून येणारा भुलीचा गॅस आता पोहोचत नाही. सर्किट बदलायचं काम दुसऱ्याला द्या.

आंबूही जात नसेल तर ट्यूब किंवा पेशंट. तोंडात बघा, ट्यूब दुमडली आहे का, दातांत चावली आहे का. सक्शन कॅथेटर घाला; आठ नंबरच्या ट्यूबला १२ नंबरचा कॅथेटर. तो ट्यूबच्या पूर्ण लांबीपलीकडं गेला नाही तर ट्यूब बुजली आहे. कफमधली (ट्यूबच्या टोकाजवळच्या फुग्यातली) हवा काढून एकदा बॅग दाबून बघा, कारण जास्त फुगलेला कफ ट्यूबच्या तोंडावर येऊ शकतो. तरीही नाही, तर ट्यूब काढा आणि मास्कनं श्वास द्या. चांगली बसलेली ट्यूब काढायला मन होत नाही, हे खरं. पण ज्या ट्यूबमधून हवा जात नाही ती बसलेली नाही.

कॅथेटर गेला म्हणून ट्यूब निर्दोष असंही नाही. परत परत निर्जंतुक करून वापरलेल्या आर्मर्ड (तारेची गुंडाळी असलेल्या) ट्यूबमध्ये आतला थर सुटून फुगा येतो, नायट्रस ऑक्साइड त्यात शिरून तो वाढतो. कॅथेटर त्याच्या कडेनं सरकतो. एकदा दातांत चावली गेलेली आर्मर्ड ट्यूब तर पुन्हा गोल होतच नाही. या ट्यूबा धुऊन ठेवू नका.

कॅथेटर गेला, ट्यूब श्वासनलिकेत आहे हे लॅरिन्गोस्कोपनं (घशात बघायच्या दिव्यानं) बघितलं, आणि तरी आंबू जड, तर मग ब्रॉन्कोस्पाझम, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर साठलेली हवा) यांच्याकडं वळायचं. सपाट रेघ असताना ट्यूब अन्ननलिकेत आहे असंच धरून लॅरिन्गोस्कोप घालून बघायचं, हा नियम इथंही सुटत नाही.

उलटा प्रकार असतो तो परतीची वाट बंद होण्याचा. व्हॉल्व्ह बंद राहिला, एक्स्पायरेटरी (उच्छ्वासाच्या) बाजूची चकती चिकटली, पीईईपी (श्वासाअखेर थोडा दाब राखणारा) व्हॉल्व्ह उलटा बसला. प्रत्येक श्वास आत जातो, बाहेर येत नाही. छाती फुगलेलीच राहते, बीपी घसरतं, मग नाडी. इथं सर्किट ट्यूबपासून सोडणं हाच उपचार आहे. सोडल्याबरोबर हवेचा लांब फुसकारा येतो आणि बीपी वर यायला लागतं. नाही आलं तर न्यूमोथोरॅक्स शोधा.

हवा जात नाही हे पहिल्यांदा कुणाला दिसेल सांगता येत नाही. ओटीतल्या मामाला (वॉर्डबॉयला) छाती हलत नसल्याचं आधी दिसलं तर त्यानं अहिराणीत "हवा जाई नही राहिनी" एवढं मोठ्यानं म्हणावं, आणि त्यावर कुणी दटावू नये, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

ट्रॉली, धुणं, साठवण

आयव्हीचं सामान आणि श्वासाचं सामान एका ट्रेमध्ये नको. सगळ्या टोपणांची गोष्ट इथून सुरू होते. सलाईन लावताना काढलेलं टोपण उशीवर, ट्रॉलीवर, मशीनच्या वरच्या फळीवर ठेवू नये. ते सरळ किडनी ट्रेमध्ये. एल्बो आणि माउंट पाकिटात बंद राहू द्यावेत आणि जोडायच्या क्षणी फोडावेत. दोन केसमधल्या वेळेत सर्किट सिलिंडरच्या चावीला किंवा सलाईनच्या स्टँडला टांगतात, तोंड वर करून. तोंड वर असलेली नळी म्हणजे पेला. खाली तोंड करून टांगा, आणि झाकण लावायचंच तर ते लाल, मोठं, २२ मिलिमीटरच्या आत जाऊच शकणार नाही असं.

एकदाच वापरायचं सर्किट पुन्हा वापरू नये. तरी जिथं रबरी किंवा धुण्याजोगं सर्किट वापरतात तिथं: आधी वाहत्या पाण्यात कफ आणि रक्त पूर्ण घालवा, मग दोन टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये कंपनीनं सांगितलेला वेळ बुडवा, नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. तीन वेळा स्वच्छ पाण्यानं धुवा. दोन्ही तोंडं खाली करून सावलीत टांगा, उन्हात नको. वाळलं की झिपच्या पिशवीत, पिशवीवर तारीख. फिल्टर धुता येत नाही. धुऊन वाळवलेला फिल्टर ओला कागद जसा घट्ट होतो तसा होतो.

नेब्युलायझेशन दिलं असेल, किंवा नळीतून रक्त-कफ आला असेल, तर फिल्टर चालू केसमध्येही बदला. फिल्टरचा अडथळा हळूहळू वाढतो. श्वास देतानाचं प्रेशर १८ वरून २४, मग ३०, आणि तेवढ्यात कुणी म्हणतं पेशंट जागा होतोय.

आणि अडकलेली वस्तू सापडलीच, तर ती काढून धुऊ नका. आहे त्या जोडासकट पिशवीत बंद करा, फोटो काढा, फिल्टर आणि सर्किटच्या पाकिटावरचा बॅच नंबर लिहून ठेवा. दोष उपकरणाचा वाटला तर वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवणाऱ्या मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडियाकडं कळवता येतं. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडं २०१५ पासून ते काम आहे. त्याच पाकिटाच्या पेटीतले बाकीचे नग त्याच दिवशी उघडून, उजेडात धरून बघा.